आधी संडास, मग खिडकी

डोंगरात गिर्यारोहकांच्या मुक्कामासाठीच्या निवाऱ्याचा आराखडा करून घ्यायला कोणी आलं की पहिल्या पाच मिनिटांत फोनवरचं एक चित्र माझ्यासमोर धरलं जातं. कड्याच्या टोकावर काचेची पेटी, आत पिवळा उजेड, मागे हिमशिखर. मी चित्र नीट बघते आणि विचारते, "रात्री किती जण झोपणार? आणि त्यांचा मैला कुठे जाणार?" समोरचा हसतो. बाईंना विनोद करायची सवय आहे, असं बहुधा वाटत असावं.

सखल भागात मैला कुजवायचं काम जिवाणू फुकटात करतात. थंडीत ते संपावर जातात. पारा पाच अंशांच्या खाली उतरला की कुजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. शिवाय जिथे वीतभर मातीखाली नुसता खडक असतो, तिथे शोषखड्डा म्हणजे खालच्या झऱ्याला दिलेली थेट जोडणी. मग उरतो एकच मार्ग: लघवी आणि मैला भांड्यातच वेगळे करायचे. माणूस दिवसाला दीडेक लिटर लघवी करतो, घन मैला जेमतेम दोनशे ग्रॅम. दोन्ही एकत्र झाले की वजनदार, दुर्गंधी चिखल. वेगळे ठेवले तर घन भाग सुकतो, हलका होतो, ड्रममध्ये बंद करून खाली नेता येतो. सामान टाकून हेलिकॉप्टर रिकामं परतणारच असतं, त्याच फेरीत.

हे ठरलं की नकाशा आपोआप आकार घेऊ लागतो. मैला सुकवायला ऊब हवी, म्हणजे संडास उन्हाच्या बाजूला. ड्रम बाहेरून ओढून काढता आले पाहिजेत, म्हणजे वाऱ्याने बर्फाचे ढीग लागतात ती बाजू बाद. माझ्या गेल्या निवाऱ्यात याचा अर्थ असा झाला की, मालकांना ज्या कोपऱ्यात बसून सूर्यास्त बघायचा होता, तिथेच दोन संडास आले. त्यावर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत मी संडासाला खिडकी द्यायचं कबूल केलं आणि विषय मिटला.

या क्षेत्रात सौर पॅनेलचं कौतुक फार. पॅनेल चांगलीच असतात. तेवढ्याच उन्हात गार हवेत जास्त वीज देतात, बर्फावरून परतलेला उजेडही पकडतात. भिंतीवर उभी लावली की बर्फ साचत नाही. बॅटऱ्यांचं मात्र उलटं आहे. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची बिघडते, म्हणून तिला माणसांच्या बरोबरीने घरात जागा द्यावी लागते. ही सगळी सुटणारी गणितं आहेत. न सुटणारं गणित खाटांचं.

स्वित्झर्लंडमधलं माँटे रोझा हट बघा. 2,883 मीटर उंचीवर, 2009 साली झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाने आणि स्विस अल्पाइन क्लबने उभारलेलं, अॅल्युमिनियमचं कवच, 120 खाटा. उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचं पाणी वरच्या बाजूच्या खडकातल्या टाकीत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. ऊर्जेची नव्वद टक्के गरज जागच्या जागी भागवायचं उद्दिष्ट होतं. उघडल्यावर अंदाजापेक्षा बरेच जास्त लोक आले आणि ऊर्जेचा वापर आराखड्याच्या पुढे गेला. इमारतीचा दोष नव्हता. चांगली इमारत माणसं खेचते, आणि आलेला प्रत्येक जण पाणी पितो, दिवा लावतो, संडासला जातो.

फ्रान्समधलं गूते रिफ्यूज (म्हणजे निवाराच) मला जास्त आवडतं. माँ ब्लाँ शिखराच्या वाटेवर 3,835 मीटरवर, 2013 साली सुरू झालेलं, लाकडी सांगाड्याचं अंडं. आकार बघून लोकांना अवकाशयान आठवतं. तो आकार वाऱ्याने ठरवलाय: वारा त्याला वळसा घालून जातो आणि मागच्या बाजूला बर्फ टाकून जातो. तोच बर्फ सूर्याच्या उष्णतेवर वितळवून पाणी करतात.

आता माझी फजिती. पहिल्या निवाऱ्यासाठी मी दुहेरी काचा मागवल्या, मध्ये ऊब अडवणारा आर्गॉन वायू भरून सीलबंद. कारखाना समुद्रसपाटीजवळ, साइट 2,900 मीटरवर. तिथे हवेचा दाब खालच्या दाबाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. आत खालचा दाब कोंडलेला, बाहेर वरची विरळ हवा. काचा पुरीसारख्या फुगल्या. मोठ्या काचा लवचिक म्हणून फुगून वाचल्या; लहान, अरुंद काचा ताठ, त्यांना फुगायला वाव नाही, त्या तडकल्या. मी लहान खिडक्या सुरक्षित म्हणून मुद्दाम जास्त ठेवल्या होत्या! आता मी दाब सारखा करणारी बारीक नळी असलेल्या काचा घेते. त्या नळीतून आर्गॉनही निघून जातो, त्यामुळे थोडी ऊब गमवावी लागते. चालतं.

ऊब तशीही माणसंच देतात. झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी वॅट उष्णता सोडतो, म्हणजे चोवीस जण मिळून दोन किलोवॅटचा हीटर. पण तेच चोवीस जण रात्रभर श्वासातून आणि घामातून आठेक लिटर पाणी हवेत सोडतात, वर ओले बूट, ओले मोजे. ही वाफ भिंतीत शिरून थंड थरावर गोठली की लाकूड सडतं, आणि ते पाच वर्षांनी कळतं. म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूचा वाफरोधक पडदा मी स्वतः जोड-जोड तपासते, आणि बूट वाळवायची खोली झोपायच्या खोलीपासून दोन दारं लांब ठेवते. तिथला वास हे आणखी एक कारण.

पायाबद्दल थोडक्यात: काँक्रीट शक्य तितकं टाळते, खडकात पोलादी अँकर ठोकून इमारत जमिनीपासून वर उचलते. खालची जमीन कायम गोठलेली असेल तर घराची ऊब तिला लागता कामा नये, नाहीतर ती वितळते आणि घर तिरकं होतं. आणि उद्या निवारा हलवायचा ठरला तर मागे फक्त भोकं उरतात.

गेल्या आठवड्यात त्या संडासवाल्या निवाऱ्याच्या मालकांचा फोन आला. दोन हंगाम भरून गेले, गर्दी आवरत नाही. चोवीसच्या छत्तीस खाटा करता येतील का? जागा आहे, म्हणाले, दुमजली पलंग टाकू. मी विचारलं, हंगामाला ड्रम किती भरतात? ते म्हणाले, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.