आयडलला लीन, रेस केली की बरोबर: एस्टीमच्या ऑक्सिजन सेन्सरचं प्रकरण

जुन्या, कुणीतरी मॉडिफाय केलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरचं (सायलेन्सरच्या पाईपमधला, ज्याच्या सांगण्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं तो) रीडिंग गंडलं की गॅरेजमध्ये पहिली गोष्ट काय होते तर सेन्सर बदलला जातो. बिल भरून आपण घरी येतो, दोन-चार दिवस बरं वाटतं (किंवा वाटतंय असं वाटतं) आणि मग परत तेच, तोच पेट्रोलचा वास, तेच ॲव्हरेज. माझ्या एस्टीमचंही सेम झालं, पण यावेळी मी मल्टिमीटर घेऊन स्वतः मागे लागलो आणि त्यातून जे सापडलं ते नीट लिहून ठेवतोय, कारण मराठीत या विषयावर वाचायला फारसं काही मिळत नाही.

गाडी २००४ ची, तेराशे सीसीचं सोळा व्हॉल्व्हवालं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) इंजिन, म्हणजे मारुतीने जे ८५ बीएचपीवालं दिलं होतं तेच. हलकी गाडी असल्यामुळे हे इंजिन तिच्यात अजूनही मस्त पळतं. आधीच्या मालकाने फोर-टू-वन हेडर (इंजिनमधून निघणारे चार पाईप पुढे एकात आणणारा), कोन फिल्टर आणि फ्री फ्लो सायलेन्सर लावलेला, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मात्र ठेवलेला, देव त्याचं भलं करो. फ्री फ्लो मी काढून टाकला, पुण्यात प्रत्येक चौकात मामांना आवाजाचं एक्स्प्लनेशन द्यायचा कंटाळा येतो, आणि पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंगला उभं राहायचंच असतं. हेडर राहिला. त्याच्याबरोबर हेडरच्या कलेक्टरमध्ये (चारही पाईप जिथे एक होतात तिथे) वेल्ड केलेल्या जागी बसवलेला चार वायरींचा युनिव्हर्सल सेन्सरही राहिला.

तर झालं काय, सिग्नलला गाडी थरथरायला लागली, ॲव्हरेज चौदावरून दहाच्या खाली आलं, प्लग काढले तर काजळी धरलेले, आणि पीयूसीवाल्याने मशीनकडे बघून नुसती मान हलवली. बीएस (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाचे सरकारी नियम) टू आणि थ्रीच्या पेट्रोल गाडीला सीओची (कार्बन मोनॉक्साईडची) मर्यादा ०.५ टक्के आहे, आम्ही त्याच्या बरेच वर. गॅरेजवाल्याने सेन्सरच्या वायरला मीटर लावला, ०.१ व्होल्ट आला, "शेठ, सेन्सर मेला" म्हणाला आणि बदलला. नवीन सेन्सर काय दाखवतो? ०.१ व्होल्ट. आता गंमत बघा, ०.१ म्हणजे सेन्सर सांगतोय की मिक्श्चर लीन आहे, पेट्रोल कमी पडतंय. आणि प्लग, वास, पीयूसी तिघं मिळून सांगतायत की पेट्रोल जास्त जातंय. दोन वेगळे सेन्सर एकच गोष्ट सांगत असतील तर दोघांनाही खोटारडं ठरवण्याआधी जरा थांबायला हवं ना.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, निम्मी लोकं इथेच घसरतात. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो फक्त सायलेन्सरमधल्या गॅसमध्ये ऑक्सिजन किती उरलाय ते बघतो, बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनशी तुलना करून. झिर्कोनियाचं टोक असतं, ते साधारण ३०० ते ३५० डिग्रीच्या वर तापलं की स्वतःच व्होल्टेज तयार करतं, ऑक्सिजन कमी असेल तर ०.८-०.९, जास्त असेल तर ०.१-०.२, आणि १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या बरोबर मिक्श्चरच्या आसपास ०.४५ ला धाडकन उडी मारतं. १९७६ मध्ये बॉशने पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत हे आणलं, साध्या नॅरोबँड सेन्सरचं तत्त्व अजून तेच आहे. म्हणजे तो ऑक्सिजन इंजिनमधून आला की बाहेरून कुठून घुसला हे सेन्सरला कळायचं काही कारणच नाही. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तर त्याहून नाही, तो बिचारा "लीन आहे, लीन आहे" ऐकून पेट्रोल वाढवत बसतो.

आमच्या गाडीच्या वयामुळे मोबाईलवर बघायचे ते स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर तिच्याशी बोलत नाहीत. आपल्याकडे ओबीडी (गाडीतला बिघाड गाडीनेच सांगायची यंत्रणा) सक्तीचं झालं तेच बीएस फोरच्या काळात, २०१० ला पहिला टप्पा आणि २०१३ ला दुसरा. त्यामुळे सगळी भिस्त मल्टिमीटरवर. डिजिटलच घ्या, जुना काट्याचा मीटर सिग्नलमधून एवढा करंट खेचतो की रीडिंगच खोटं येतं. आणि सिग्नल वायरवर ओहममध्ये मीटर कधीही लावू नका, डीसी व्होल्टवरच.

इंजिन व्यवस्थित गरम करून कनेक्टरच्या मागून पिन घालून मीटर लावला. आयडलला (रेस न देता) ०.१, कधीतरी ०.१५, हलत नाही. मग मुलाला म्हटलं हळूहळू रेस दे, आणि दोन हजारच्या पुढे गेल्यावर आकडे नाचायला लागले, ०.२, ०.७, ०.३, ०.८, अगदी पुस्तकात लिहितात तसे. रेस सोडली की परत ०.१ ला जाऊन बसायचं. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून इंजिनकडच्या तोंडावर बोट दाबलं (याने इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर वाढतं आणि मिक्श्चर मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं), तर रेसवर व्होल्टेज लगेच ०.८५ ला. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, चांगला चलाख आहे.

आयडलला लीन आणि रेसला बरोबर, या एका वाक्यातच सगळं होतं खरं तर. एक्झॉस्टमध्ये गॅस सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो, आणि प्रत्येक धक्क्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. सेन्सरच्या आधी कुठे बारीक फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलला गॅस कमी असतो त्यामुळे एवढीशी हवासुद्धा रीडिंग बिघडवते. रेसवर गॅसचा लोंढा एवढा वाढतो की ती फट नगण्य होते. लोकांना वाटतं लीक असेल तर गॅस बाहेर येईल आणि फट्फट आवाज येईल, येतोही, पण हवा आतसुद्धा जाते हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. सेन्सरच्या पुढे, टेलपाईपकडे लीक असेल तर नुसता आवाज येतो, रीडिंगला फार फरक पडत नाही, अगदी सेन्सरला चिकटून असेल तर गोष्ट वेगळी.

तरी बाकीच्या शक्यता बघून घेतल्या. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तर त्यातला न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो आणि सेन्सर लीनच दाखवतो, पेट्रोलने प्लग भिजलेला असला तरी. म्हणून आधी प्लग आणि प्लगच्या केबली तपासल्या, ठीक होत्या. व्हॅक्यूम लीक म्हणाल तर या इंजिनला मॅप सेन्सर आहे, हवा मोजणारा मीटर नाही. इनटेकमध्ये जास्तीची हवा घुसली तरी मॅनिफोल्डमधला दाब वाढलेला मॅपला दिसतो आणि पेट्रोल त्या हिशोबाने जातं, म्हणजे आयडल वर चढेल पण मिक्श्चर एवढं लीन दिसणार नाही. दुसऱ्या कंपनीच्या, एअरफ्लो मीटरवाल्या गाडीचे व्हिडिओ बघून आपल्या गाडीचं निदान करू नका ते यासाठी.

आणि हो, ई-ट्वेंटी. आजकाल गाडीत काहीही झालं, अगदी वायपर चालत नसेल तरी, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणणारच की इथेनॉलमुळे. इथेनॉलला स्वतःला हवा कमी लागते, एकास साधारण नऊ, त्यामुळे वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलचं बरोबर मिक्श्चर १३.५ च्या आसपास येतं आणि ईसीयूला थोडं जास्त पेट्रोल सोडावं लागतं हे खरंय. रबराच्या नळ्या, सील, ॲव्हरेज, याबद्दल जुन्या गाडीवाल्यांची तक्रार मलाही मान्य आहे. पण ते आयडलला एक आणि रेसवर दुसरं असं वागणार नाही, आणि सेन्सरला इंधन कुठलं याच्याशी देणंघेणं नाही, तो ऑक्सिजनच बघतो.

लीक शोधायला मी घरचा व्हॅक्यूम क्लीनर काढला, तो ब्लोअरसारखा उलटा चालतो. इंजिन पूर्ण थंड असताना नळी टेलपाईपला लावून कडेने जुनं फडकं कोंबलं आणि हेडरवर सगळीकडे भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी स्प्रे केलं. बायकोने खिडकीतून बघितलं आणि काही न बोलता आत गेली. चौथ्या पोर्टच्या फ्लँजखाली (हेडर इंजिनला जिथे बोल्ट होतो त्या पट्टीखाली) मस्तपैकी फेस यायला लागला, कलेक्टरच्या जॉइंटलाही थोडा. गाडी चालू असताना हात फिरवून कधीच कळलं नसतं, शिवाय गरम झाल्यावर मेटल पसरून फट थोडी मिटते, म्हणून ही टेस्ट थंड असतानाच.

कंपनीचा कास्टिंगचा मॅनिफोल्ड जाडजूड असतो, त्याला वर्षानुवर्षं काही होत नाही. हे बाहेरचे हेडर पातळ पट्टीच्या फ्लँजवर पाईप वेल्ड करून बनवतात, तापून-थंड होऊन ती पट्टी वाकते, कडेचे पोर्ट उचलले जातात. नुसतं नवीन पॅकिंग टाकून उपयोग नव्हता. हेडर उतरवला, स्टीलची पट्टी लावून बघितली तर चौथ्या पोर्टला कागद आरपार जात होता. वर्कशॉपमध्ये फेसिंग मारून (पट्टी सपाट करून) घेतलं, नाना पेठेतून ओरिजिनल पॅकिंग आणि नवे स्टड-नट आणले, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला असे टप्प्याटप्प्याने टाइट केले. पॅकिंगला सिलिकॉन लावायचा मोह खूप होतो आणि फिटर तर हातात ट्यूब घेऊनच उभा असतो, पण साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि मग सेन्सर खरंच मरतो. कोरडं पॅकिंग, बास.

आयडलला आकडे नाचायला लागले आणि मी खूश. पण सिग्नलला जरा वेळ उभं राहिलं की परत रीडिंग सुस्त होऊन एका जागी बसायचं. हे आधी नव्हतं. हेडरमध्ये सेन्सर इंजिनपासून लांब जातो, आयडलला तिथे उष्णता पुरत नाही, म्हणून आत हीटर असतो, तर आता हीटर बघायचा. सेन्सर काढून हीटरच्या सप्लायला मीटर लावला तर बारा व्होल्ट व्यवस्थित. इथे बरेच जण हीटर ओके म्हणून पुढे जातात. मीटर करंट घेतच नाही हो, एक तार जरी टेकलेली असेल तरी तो बारा दाखवणार. त्याच पिनांना हेडलाइटचा एक जुना बल्ब लावला तर नुसता लालसर मिणमिणला. टेप सोलली तेव्हा कळलं, नवीन सेन्सर लावताना गॅरेजवाल्याने चारही वायरी हाताने पिळून वर काळी टेप गुंडाळली होती, हेडरपासून वीतभर अंतरावर, आणि टेपचा डिंक वितळून तारांमध्ये उतरलेला.

त्या नीट जोडल्या, पण सोल्डर न करता, क्रिम्प करून आणि वर हीटश्रिंक चढवून. यामागे कारण आहे. अशा बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधल्या बारीक जागेतून मिळते, सोल्डर किंवा ग्रीस भरलं की तो श्वास बंद. आणि रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बॉशच्या चार वायरीत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या अर्थिंगची. डेन्सोमध्ये काळ्या दोन असतात आणि त्याच हीटरच्या, सिग्नल निळी. एकाच्या रंगांचा हिशोब दुसऱ्याला लावला तर बारा व्होल्ट सरळ सिग्नलमध्ये जाऊ शकतात. हात घातलाच होता म्हणून इंजिन ब्लॉक आणि ईसीयूच्या अर्थिंगमध्ये किती व्होल्ट पडतात तेही बघितलं. ०.१ च्या वर असेल तर अर्थिंग साफ करा, कारण जिथे अख्खा निर्णय ०.४५ च्या आजूबाजूला होतो तिथे ०.२ चा फरक म्हणजे भरपूर झालं. माझं ०.०३ होतं.

गाडी आता सिग्नलला शांत उभी राहते, पीयूसी मिळाली, साताऱ्याला जाऊन आलो तेव्हा ॲव्हरेज चौदाच्या वर आलं, खंबाटकीचा चढ धरून.

आणि तो "मेलेला" जुना सेन्सर गॅरेजवाल्याने परत दिला होता, तो अंगणात व्हाइसमध्ये धरून त्याच्या टोकावर गॅसच्या टॉर्चची ज्योत धरली. तापल्यावर ०.८, ज्योत बाजूला केली की लगेच शून्याकडे, परत धरली की परत ०.८. ठणठणीत. व्हिडिओ काढून गॅरेजवाल्याला पाठवला तर त्याचा फोन आला, "शेठ, मग तो जुना मला द्या ना, एका बलेनोला पाहिजेच होता." दिला नाही, डिकीत स्पेअर म्हणून ठेवलाय.