गळ्याला विचारून

मंगळवार, रात्र

आज गाताना तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, लागला. जेमतेम सहा-सात सेकंद टिकला असेल, मग मीच सोडून दिला. पण मानेची शीर ताठली नाही, जबडा आवळला नाही. डोळे मिटत आलेत, तरी हे लिहूनच झोपायचं ठरवलं.

सोळा वर्षांची असताना गाणं शिकवणाऱ्यांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या गळ्यावर दोन बोटं दाबून धरली होती. "इथं अडकतंय तुझं, सोड," म्हणाले आणि तशीच तान घ्यायला लावली. दुखलं असं नाही. पण तेव्हापासून वरच्या पट्टीत शिरायची वेळ आली की गळा मिटतो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं: गाठ नाही, सूज नाही. मग सगळे म्हणू लागले, मनाचंच आहे. त्या शब्दाचा मला फार त्रास व्हायचा, कारण त्यात 'म्हणजे काही नाहीच' असं ऐकू यायचं.

आता मला कळतं ते वेगळं आहे. गाणं हे स्वरतंतूंचं मूळ काम नव्हेच. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून मिटणं, हे त्यांचं पहिलं काम. जड वस्तू उचलताना श्वास कोंडून धरतो, तेव्हाही तेच मिटतात. स्वरयंत्राला चालवणाऱ्या नसा व्हेगस या मज्जातंतूच्या फांद्या आहेत, आणि त्याच व्हेगसच्या दुसऱ्या फांद्या हृदयाकडे जातात. डाव्या बाजूची नस तर गळ्याजवळून खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यात येते. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर थांबले होते. छातीत धडधडलं की आवाज कापतो, यात नवल ते काय! माझा गळा आडमुठेपणा करत नव्हता. तो राखण करत होता.

गेले आठ महिने योगवर्गाला जाते आहे. आधीच्या एका वर्गात कुंभक, म्हणजे श्वास रोखून, धरायला लावला की मला दरदरून घाम फुटायचा आणि शवासनात डोळे मिटले की उठून पळावंसं वाटायचं. "खोल श्वास घे, शांत वाटेल" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याला पोटाकडे लक्ष नेल्यावरच भीती वाटते, त्याला खोल श्वास म्हणजे बंद खोलीत ढकलल्यासारखं होतं. आताच्या बाई म्हणतात, "डोळे मिटायचे की समोर एखाद्या जागी ठेवायचे, तुझं तू ठरव." हात लावून आसन दुरुस्त करत नाहीत. ही पद्धत डेव्हिड एमर्सन आणि मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी अमेरिकेत आघात सोसलेल्यांसाठी बसवली. 2014 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आघातानंतरचा ताणविकार (पीटीएसडी) असलेल्या 64 स्त्रियांवरचा, ज्यांना इतर उपचारांनी पुरेसा उतार पडला नव्हता. दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग. शेवटी योग करणाऱ्या गटातल्या निम्म्याहून किंचित अधिक जणी त्या विकाराच्या निकषांतून बाहेर पडल्या होत्या, योग न करणाऱ्या दुसऱ्या गटात साधारण पाचात एक. अभ्यास लहान आहे, पण मला त्यानं धीर दिला.

रोजचं माझं म्हणाल तर थोडकंच. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवायची आणि तिच्यातून 'ऊ' म्हणत खालून वर, वरून खाली सावकाश जायचं. बुडबुडे एकसारखे येत राहिले पाहिजेत. तुटले की समजायचं, कुठंतरी दाब चढला. स्ट्रॉमुळे तोंडात हवेचा उलटा दाब तयार होतो, स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. भ्रामरी प्राणायामातही तेच, ओठ मिटलेले आणि गुंजन नाकावाटे. मी कान बंद करत नाही, बाहेरचं ऐकू आलेलं मला बरं वाटतं. हलासन आणि सर्वांगासन सध्या बाजूला ठेवलंय. हनुवटी छातीत रुतली की मला अजूनही ती दोन बोटं आठवतात.

आवाज चार आठवडे बसलेला राहिला तर आधी दुर्बिणीची तपासणी, मग बाकी सगळं, एवढं मात्र मी प्रत्येकाला सांगते. रात्रीची भीती, झोप उडणं, ही कामं योगवर्गाची नाहीत. त्यासाठी मी समुपदेशकांकडे वेगळी जाते.

संध्याकाळी शिकवणी होती. नवी मुलगी मध्य सप्तकातच खांदे उचलून श्वास घेत होती. माझा हात सवयीनं तिच्या पाठीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. विचारलं, "बरगड्यांवर हात ठेवू का?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "नको."

"बरं," म्हटलं आणि हात मांडीवर घेतला. तंबोरा चालू होता. थोड्या वेळानं तिनं स्वतःचाच तळवा कुशीवर टेकवला, श्वास घेतला आणि सा लावला.