पांढऱ्याचं मोजमाप

आजची सकाळ पांढऱ्या रंगाला दिली. इतकी वर्षं रिळावर फोटो काढल्यावर आता डीएसएलआर, म्हणजे डिजिटल कॅमेरा, हातात आल्यापासून मला सगळ्यात जास्त अडवलंय ते पांढऱ्यानेच. बाकीचं हळूहळू अंगवळणी पडतंय. दर फ्रेमला आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद देण्याची क्षमता, बदलता येणं ही तर चैनच आहे. ४०० चं रीळ घातलं की ३६ फ्रेम संपेपर्यंत ४०० शीच संसार करायचा, अशी इतक्या वर्षांची सवय. पण उजेड मोजायची रीतच मुळापासून उलटी करावी लागेल, हे कॅमेरा घेताना डोक्यात नव्हतं.

मी कृष्णधवल निगेटिव्हवर शिकले. तिथला पहिला धडा असा, की एक्स्पोजर सावल्यांसाठी द्यायचं आणि उजेड डेव्हलपिंगमध्ये सांभाळायचा. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या आसपास झोन सिस्टिम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या पाडून एक्स्पोजर ठरवायची रीत, बसवली तीही याच पायावर. सावलीतलं जे निगेटिव्हवर उमटलंच नाही, ते डार्करूममध्ये कुठून आणणार? उलट पांढरा भाग निगेटिव्हवर कितीही दाट आला तरी त्यात तपशील बऱ्यापैकी शिल्लक असतो. प्रिंट करताना एन्लार्जरचा उजेड त्या जागी थोडा जास्त वेळ पाडला की तो कागदावर उतरतो. त्यामुळे शंका आली की एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, हे हाताला विचारावंही लागत नसे.

सेन्सरवर हे चालत नाही. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक भांडं. काठोकाठ भरलं की पुढचा सगळा उजेड वाहून जातो आणि फाइलमध्ये तिथे नुसता सपाट पांढरा उरतो. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून येत नाही. सावल्यांचं मात्र तसं नाही. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. म्हणून काळोखात दडलेलं रॉमधून बरंच वर काढता येतं. थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो, तो मला चालतो. स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना यात नवं काहीच वाटणार नाही, त्यांनी आयुष्यभर उजेडच जपलाय.

म्हणून आज पाण्याच्या कडेला बसले. समोर बगळा, मागे जवळजवळ काळं पाणी, कोवळं ऊन एका बाजूने. पूर्ण फ्रेमचं मीटर त्या पाण्याला भुलतं आणि जास्त उजेड मागतं. फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारं स्पॉट मीटर बगळ्याच्या पाठीवर धरलं, मीटर सांगेल त्याच्या दोन स्टॉप वर ठेवलं. स्क्रीनवर पाणी पार बुडालेलं दिसलं, पण हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकता टेकता थांबलेला. तो कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगवरून काढलेला असतो, म्हणजे रॉमध्ये अजून थोडी जागा असणार. घरी येऊन फाइल उघडली तर मानेवरची पिसं एकेक सुटी दिसत होती. मग सावल्या उचलल्या आणि लव्हाळ्याची मुळं, त्यांच्याभोवतीच्या लाटांच्या बारीक रेघा पाण्यातून वर आल्या. मनापासून आनंद झाला! निगेटिव्हवर हेच पाणी मी आधी मोजलं असतं.

जुनी ५० मिमी लेन्स या लहान सेन्सरवर ७५ सारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, तर दोन पावलं मागे सरकते, झालं. जुन्या फोकसिंग स्क्रीनवरची, फोकस जुळला की एकसंध होणारी दुभंगलेली प्रतिमा इथे नाही, ती मात्र खरंच हवी होती.

स्क्रीनचं काय करायचं, हे मला पटेल असं आता ठरलंय. फ्रेम टिपल्यावर फोटो आपोआप दिसणं बंद केलंय. उजेड बदलला तरच हिस्टोग्राम बघायचा. मान खाली गेली की डोळा समोरच्या गोष्टीवरून उठतो, आणि तेवढ्यात जे घडतं ते आपलं राहत नाही.

त्याहून मोठी गोष्ट आहे टिपणं आणि बघणं यांमधल्या अंतराची. अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड रिळं मुद्दाम महिनोन्महिने धुवायचे नाहीत, टिपतानाचा उत्साह निवडीत मिसळू नये म्हणून. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रिळं धुवायची राहिली होती. इतकं टोक मला नको, पण त्यामागचा विचार मला शंभर टक्के मान्य आहे. काँटॅक्ट शीटवर, म्हणजे अख्ख्या रिळाच्या छोट्या प्रिंटांच्या कागदावर, मी भिंग ठेवून बसायचे तेव्हा त्या दिवसाची हवा मनातून उतरलेली असायची आणि फोटो फक्त फोटो म्हणून समोर यायचा. मेमरी कार्डाने हे अंतर पुसून टाकलं, तर ते मीच परत आखायला हवं. बगळ्याच्या फाइली उजेड तपासायचा होता म्हणून उघडल्या. आज टिपलेलं बाकी सगळं दोन हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलंय, आणि ते पुढच्या महिन्याआधी बघायचं नाही.