विंगेतली खुर्ची

कालपासून ती खुर्ची डोक्यातून जात नाही. साधी प्लॅस्टिकची खुर्ची, वर चादरीची घडी. रंगमंचाच्या उजव्या विंगेत, बरोबर माझ्या उभं राहण्याच्या जागी ठेवलेली. "काकू, तुमच्यासाठी आणली. गुडघा दुखतो ना तुमचा," असं ते पोर इतक्या मायेनं म्हणालं की रागवायलाही जागा नाही. "बरं केलंस," म्हणाले आणि तालीम संपेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. रात्री तेल चोळताना ह्यांनी विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. काय सांगणार, मला बसायला खुर्ची दिली म्हणून?

बसून प्रॉम्प्टिंग होत नाही, हे खरं आहे. नट अडकल्यावर शब्द देऊन उपयोग नसतो, अडकायच्या आधी द्यावा लागतो. त्यासाठी त्याचं तोंड दिसायला हवं. प्रत्येकाची खूण वेगळी. कुणाची नजर जमिनीला लागते, कुणी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागतं, आमचा नायक आवंढा गिळतो. तेवढ्या वेळात वाक्याचा पहिला शब्द फक्त टाकायचा, तोही फूटमाइकला न पोचेल इतक्या हळू. सगळं वाक्य दिलं की तो ते वाचून दाखवल्यासारखं म्हणतो. आणि मी त्याला दिसले पाहिजे. कित्येकदा तर मी तोंडही उघडलेलं नाही. मान वळली, मी दिसले, वाक्य आठवलं. खुर्चीत बसले की मी फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या उभ्या भिंतीच्या, आड जाते.

पण तेवढंच असतं तर खुर्ची पुढे सरकवून मोकळी झाले असते. खुपतंय ते दुसरंच. खुर्ची पाहुण्याला देतात. घरच्या माणसाला कुणी बसा म्हणत नाही.

मी या विंगेत पाहुणी कधी झाले?

रंगभूमी दिनाची पूजा झाली की आमच्याकडे नाट्यस्पर्धेचे वेध लागतात. साईखेडकर नाट्यगृहात सकाळी टेम्पोतून सेट उतरवायचा, लेव्हल्स म्हणजे लाकडी चौथरे लावायचे, अंधारात कुणी ठेचकाळू नये म्हणून कडांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि रात्री प्रयोग संपला की मेकअप उतरायच्या आत सगळं परत टेम्पोत, कारण दुसऱ्या दिवशी दुसरी संस्था. दहीपुलावर घासाघीस करून आणलेली तांब्याची भांडी, कुणाकुणाच्या घरून मागून आणलेली नऊवारी, सगळ्याची यादी माझ्याकडे. सर होते तेव्हा रात्री शेवटचा चहा आम्ही दोघंच... जाऊ दे ते.

आज दुपारी उगाच विजयानंद थिएटर आठवलं. नाशिकच्या पोरांना शाळेपासून पाठ असतं: 21 डिसेंबर 1909, 'संगीत शारदा'चा प्रयोग, अनंत कान्हेरे, कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या. त्या रात्री विंगेत कोण होतं? पडद्याच्या दोरीला हात लावून, नांदीची वाट बघत कुणीतरी उभं असणारच. तो आवाज ऐकून त्याने दोरी सोडली की धरून ठेवली? एवढ्या मोठ्या रात्री त्याचं नाव कोण लिहून ठेवणार, हे कळतं मला. तरी आज त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. त्याच्यासाठीच का, ते मला माहीत आहे.

तात्यासाहेब शिरवाडकरांचं, कुसुमाग्रजांचं, गाव हे. त्यांचं 'नटसम्राट' 1970 सालचं, पण आजही आमच्याकडे येणारं पोर त्यातलं स्वगत पाठ करूनच येतं. मला विंगेत उभं राहायचंय, असं म्हणत कुणी येत नाही. म्हणून आज चहाच्या वेळी ती लायटिंगवाली मुलगी शेजारी येऊन बसली आणि माझी संहिता चाळायला लागली, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. मग तिने विचारलं, "काकू, ही लाल फुली कशाची?"

"तिथे तो दर वेळी दोन ओळी गाळतो."

"आणि हा गोल?"

"तिथे तो थांबतो, विसरलेला नसतो. तिथे शब्द द्यायचा नाही. दिलास तर प्रवेश मेला."

ती बराच वेळ त्या गोलाकडे बघत होती. नंतर आपल्या संहितेत पेन्सिलीने तसाच गोल काढला. पानं उलटत सगळे गोल उतरवून घेतले तिने, चहा गार झाला तरी. मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं, आणि मीही आपणहून कधी दाखवलं नव्हतं.

खुर्ची अजून टोचते, नाही असं नाही. पण गुडघाही दुखतो, आणि तिसऱ्या अंकापर्यंत पाय थरथरायला लागतो, हेही आहेच. पोराने बघितलं म्हणून आणली ना खुर्ची? मला वाटलं होतं कुणी बघत नाही.

निघताना त्याला सांगितलं, खुर्ची विंगेच्या पुढच्या कडेला आण, पहिल्या फ्लॅटला चिकटून, प्रेक्षकांना दिसणार नाही पण नटाला दिसेल अशी. आणि मागे एक माणूस उभा राहील एवढी जागा सोड. "मागे कोण?" त्याने विचारलं. तिचं नाव सांगितलं.

उद्या रंगीत तालीम. नट सहाला येणार, तिला चारला बोलावलंय. आवंढ्यापासून सुरुवात करू म्हणते.