निळ्यासाठी एक ग्रॅम

ओएलईडीत, म्हणजे मोबाइल-टीव्हीच्या पडद्यातल्या स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय थरांत, लाल-हिरव्या प्रकाशाचं काम इरिडियमच्या संयुगांनी बरंच सोपं केलं. निळा अजून रडवतो. त्याच्या फोटॉनला ऊर्जा जास्त लागते, रेणू लवकर मोडतो. पीएचडीसाठी मी नेमका तोच धरला: अँथ्रासीन या रेणूच्या दोन बाजूंना नॅफ्थील गट जोडायचे. बाकी रसायनं बिनबोभाट आली. हे गट जोडणाऱ्या सुझुकी अभिक्रियेसाठी लागणारा पॅलेडियमचा उत्प्रेरक मात्र नाही. हवा होता फक्त एक ग्रॅम, पिवळाधमक.

तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती. "एका ग्रॅमला एवढे?" या प्रश्नावर दोन बैठका गेल्या. मार्च सरताना निधी परत जाणार म्हटल्यावर दुपारभरात सगळ्या सह्या झाल्या. पार्सल आलं मे महिन्यात, शुक्रवारी संध्याकाळी. नांदेडचा उन्हाळा, पारा बेचाळीसच्या वर. डब्यावर 'थंड ठेवा' ठळक छापलेलं. आवक-जावकच्या मामांनी तो लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि लग्नाला गेले. सोमवारी अकराला मी दारात.

"नोंद झाल्याबिगर देता येत नाही, मॅडम."

नोंद दुपारी झाली. बाटली उघडली तर पावडर तपकिरी. परत पाठवायला गेले, तर मामा म्हणाले, "रंग बदलला म्हून काय झालं? वजन तर भरतंय ना!" कंपनीचं म्हणणं, माल स्वीकारल्याची सही आहे. तरी हट्टानं वीस तास रिफ्लक्स केलं, म्हणजे द्रावण उकळत ठेवलं. टीएलसीवर, म्हणजे मिश्रणात काय काय आहे ते दाखवणाऱ्या पट्टीवर, अर्धवट जोडलेला रेणू आणि मूळ ब्रोमाइड, बस.

दुसऱ्या वेळी सरांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि मी बर्फाचा डबा घेऊन थेट कुरियरच्या गोदामात उभी राहिले. तुम्हीही तेच करा. मंगळवारचं डिस्पॅच मागा, शुक्रवारचं नको. आणि हो, टोल्युइन या द्रावकातून अर्धा तास नायट्रोजन सोडून हवा काढल्याशिवाय उत्प्रेरक घालू नका; हे आधी सांगायला हवं होतं.

या वेळी ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली द्रावण निळं पेटलं. मी एकटीच लॅबमध्ये हसत होते. पण नुसत्या द्रावणावर भाळू नका, काचेवर थर देऊन बघा. रेणू एकमेकांना चिकटले की निळा हिरवट होतो. माझा थर निळाच राहिला.

ती तपकिरी बाटली स्टॉक रजिस्टरात अजून 'एक ग्रॅम, शिल्लक' आहे.