रद्दीतून वाचलेली वही

नौपाड्यातल्या आमच्या रद्दीवाल्याने गठ्ठा काट्याला अडकवला आणि मधूनच एक निळी वही घसरली. लेकीची, तिसरीतली. 'माझे बाबा' या निबंधावर बाईंनी लाल शाईने सात गोल काढलेले. 'माझे बाबा खुप वीसराळू आहेत. तलावपाळीला छत्री घेऊन जातात आणि तीथेच ठेऊन येतात.' ऱ्हस्व-दीर्घ पार झोपलेलं, पण मजकुरात एक अक्षर खोटं नाही.

"काका, ही पण टाकू ना?"

"थांब रे जरा."

मला सूझी क्लेमेन्स आठवली, अमेरिकन लेखक मार्क ट्वेनची (हे टोपणनाव, खरं आडनाव क्लेमेन्स) थोरली मुलगी. तेराव्या वर्षी, १८८५ साली, तिने वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं. तेही चोरून, रात्री वही उशीखाली. आईला ती सापडली आणि तिने नवऱ्याला हळूच दाखवली. पपांचं नाक-डोळे सगळं छान, फक्त दात काही खास नाहीत, असं त्यात आहे. तापट आहेत, आणि विसराळूही. (म्हणजे मी एकटाच नाही!) पुढे ट्वेनने आपल्या आत्मचरित्रात त्या वहीतले उतारे घातले, तेव्हा तिच्या स्पेलिंगच्या चुका मुद्दाम तशाच ठेवल्या. आमच्या बाईंना हे चाललं नसतं.

ते चरित्र ४ जुलै १८८६ ला आजीच्या गावी पोचतं आणि थांबतं. आम्ही किओककला आलो, प्रवास फारच सुखाचा... एवढ्यावर. वाक्यही पुरं नाही. खेळायला कुणी हाक मारली असेल, दुसरं काय.

ट्वेन पुढे कर्जात बुडाला आणि ते फेडायला व्याख्यानं देत जगभर फिरला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत होता. इथल्या आगाऊ कावळ्यांवर त्याने काय मजेदार लिहिलंय! अलाहाबादला जाणारी त्याची गाडी आपल्या ठाण्यावरूनच गेली असणार. बायको आणि मधली मुलगी बरोबर होत्या. सूझी अमेरिकेत.

दौरा संपवून तो इंग्लंडमध्ये मुलींची वाट बघत होता, तेव्हा सूझी थोडी आजारी असल्याचं पत्र आलं. मायलेकी लगोलग बोटीत बसल्या. त्या समुद्रावर असतानाच, १८ ऑगस्टला, हार्टफर्डच्या घरी सूझी मेनिन्जायटिसने गेली. चोवीस वर्षांची. बापाला ते परक्या गावात, एकट्याला, तारेने कळलं. त्या घरात ते कुटुंब पुन्हा कधी राहायला गेलं नाही.

वही काढून घेतली तरी काटा जागचा हलला नाही. रद्दीवाल्याने पैसे मोजून दिले.

रात्री त्या पानाचा फोटो काढून लेकीला बंगळुरूला पाठवला, लाल गोलांसकट. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं, "बाबा, छत्री मिळाली का?"