शेवटचा स्लॅब सुटला, आता उतरायचं कोडं

झाला एकदाचा डोंगराचा माथा!! झाडं संपल्यावरचा तो उघडा ग्रॅनाइटचा उतरता, सपाट कातळ, म्हणजे स्लॅब, ज्यावर मागच्या अपडेटमध्ये माझी चढाई अडली होती, तो शेवटी सुटला. खालचं जंगल, ओढा, पडलेल्या झाडांचा पट्टा हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडतो.

स्लॅबची अडचण अशी की वरचं ओझं झिजून गेलं की ग्रॅनाइट पृष्ठभागाला समांतर चिरत जातो, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, म्हणजे धरायला खाच नाही की पायरी नाही, सगळी भिस्त घर्षणावर. कोरडा असला तर याच्यासारखी ग्रिप दुसरीकडे नाही, दाणे बुटाला चावतातच. पण पाणी पाझरतं तिथले काळे पट्टे ओले असले की पाय गेलाच समजा. वर पापुद्र्यांच्या कडेला तो भरड चुरा, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार हे खनिज कुजून मोकळ्या झालेल्या क्वार्ट्झच्या (गारेच्या) दाण्यांचा, त्यावर कुठलाच सोल टिकत नाही.

यावेळी सकाळच्या तिरप्या उन्हात खाली नुसता बघत बसलो आणि एक फिकट रेघ दिसली, स्लॅबवर तिरकी चढत गेलेली. ॲप्लाइटची शीर, म्हणजे ग्रॅनाइटच्या भेगेत भरलेल्या फिकट खडकाची पट्टी! बारीक दाण्यांची, त्यामुळे आजूबाजूच्या ग्रॅनाइटपेक्षा कमी झिजते आणि जराशी उठून राहते. बुटाची कड टेकेल एवढंच, पण तेवढ्यावर काळे पट्टे पार झाले. काय वाटलं सांगू!

बूट मऊ रबराचे, सपाट सोलचेच घ्या, जाड खाचांचे इथे कुचकामी, दगडाला टेकतंच कमी. चालायच्या काठ्यांची (पोल) धातूची टोकं स्लॅबवर नुसती घसरतात, बॅगेत टाका.

उतरताना मात्र दुपार, ऊन डोक्यावर, सावली नाही म्हणून शीर दिसेचना. चढाईचा ट्रॅक फोनमध्ये नोंदलेला होता, पण फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि शीर वीतभर रुंद, काय उपयोग. बसत, सरकत, दाणे चाचपत खाली आलो, चढाईपेक्षा जास्त वेळ गेला. रंगाच्या खुणा किंवा दगडांची रास करणार नाही, अशा रानात ते मला पटत नाही.

म्हणून पुढच्या वेळी मागच्या घळीतून उतरायचं ठरवलं होतं, पण आत्ता हे टाइप करताना माथ्यावरचे फोटो झूम केले तर तसलीच फिकट रेघ डोंगराच्या मागच्या खांद्यावरही दिसतेय, आणि तिकडे काळे पट्टे नाहीत! तो उतार पश्चिमेचा, म्हणजे दुपार कलल्यावर उतरलं तर तिरपं ऊन तिकडेच. घळ कॅन्सल. आधी खालून जाऊन ती शीर मध्येच तुटते का ते बघतो, पाऊस थांबून कातळ नीट वाळला की लगेच.